लांबीखालचा पत्रा
आबांची जीप विकायला काढली तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, लांबी भरू, रंग मारू. घेणाऱ्याला काय कळतंय?"

मला ते पटेना. गोठ्यापुढं बॅटरी सोडली, डिझेलची टाकी उतरवली, ग्राइंडर लावला. पायाखालचा पत्रा गंजून पापड झालेला. धड पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा. रॉड रेंगाळला की भोक. टाका मारायचा, निवू द्यायचा, मग पुढचा.

एका कोपऱ्यात जुनी लांबी निघाली. वर आबांनीच मारलेला निळा रंग. त्यावर पाय ठेवून आम्ही पोरं शाळेत जायचो! तेव्हा पैसे नसतील. पण नड म्हणून पोटच्या पोरांपासून झाकलेलं भोक, त्याला लबाडी म्हणायचं का?

गिऱ्हाइकाला वाकवून सगळे टाके दाखवले. त्यानं १० हजार पाडले. धाकटा अजून बोलत नाही.