ऐकत कोण नाही?

‘पेशंट ऐकतच नाहीत, सर.’ हे वाक्य माझ्या टेबलासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. इंटर्नने नाही, रेसिडेंटने नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन वर्ष झालं नाही तोच माणसांना कंटाळलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानेही नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!

तुमचे केसपेपर पाहिले. झाडून सगळ्यांच्या तळाशी एकच ओळ : ‘आहार, व्यायाम व व्यसनमुक्तीबाबत समुपदेशन केले.’ कुणाला केलं? केव्हा केलं? पेशंट तेव्हा स्टुलावर होता, की औषधाच्या खिडकीकडे निघाला होता? तो काय म्हणाला? आठवत नाही ना? आठवेल कसं, त्याला बोलू कुठे दिलं होतंत! बीपी न मोजता १२०/८० लिहिलं तर तुम्हाला लाज वाटते. निदान वाटायला हवी. ही थाप त्याहून लहान नाही. ती पकडणारं यंत्र ओपीडीत नाही, एवढाच काय तो फरक.

परवा मिश्री लावणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. समोर तुमच्यातला एक हुशार डॉक्टर, विद्यापीठात नंबर वगैरे आलेला. मान वर न करता त्याने विचारलं, ‘तंबाखू?’ मावशी म्हणाल्या, ‘मिश्री लावते बाबा, सकाळ-संध्याकाळ. नात जवळ येत नाही, वास येतो म्हणते.’ डॉक्टर म्हणाला, ‘सोडा ती. तोंडाचा कॅन्सर होईल. पुढचा नंबर.’

अरे, ती बाई तुझ्या हातात काय ठेवून गेली, कळलं का तुला? सोडायचं कारण तिने स्वतःच सांगितलं. न विचारता. तुला फक्त म्हणायचं होतं, ‘नात जवळ येत नाही, ते लागतं ना मनाला?’ आणि मग गप्प बसायचं होतं. पुढे ती बोलली असती. मागे एकदा सोडून पाहिली होती का, परत कशाने सुरू झाली, घरात आणखी कोण लावतं, सकाळची सुटत नाही की संध्याकाळची. उपाय त्यातूनच निघाला असता. तू काय केलंस? कॅन्सरची भीती घातलीस. ती तर तंबाखूच्या पुडीवरही चित्रासकट छापलेली असते. पुडीला जमतं तेवढंच तुला जमणार असेल, तर सरकारने तुझ्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला केला?

चूक दिसली की दुरुस्त करायची खाज सुटते तुम्हाला. ती खाज आवरणं हा या कामाचा पहिला धडा. विल्यम मिलरने १९८३ साली दारूच्या व्यसनावर काम करताना हेच मांडलं आणि पुढे स्टीफन रोलनिकबरोबर त्याचं शास्त्र केलं. तुम्ही सोडायच्या बाजूने जितका जोर लावाल, तितका माणूस न सोडायच्या बाजूने वकिली करतो. स्वतःच्या तोंडून स्वतःचं कारण ऐकलं, तर विचार करायला लागतो. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात त्याला. परीक्षेला आलं तर दहा मार्कांचं उत्तर तुम्ही झोपेत लिहाल. ओपीडीत एक वाक्य निघत नाही.

तुमची जात जुनी आहे म्हणा. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून मोजल्या. पेशंटने गाऱ्हाणं सुरू केल्यावर सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडत होता. सांगा आता, ऐकत कोण नाही?

‘वेळ नसतो, सर.’ आलंच हे! ओपीडीत दीडशेची रांग असते, मला दिसते. तीस वर्षं त्याच रांगेसमोर बसलोय. पण १९७९ चं रसेलचं काम वाचलंय का कुणी? लंडनमधले २८ साधे जनरल प्रॅक्टिशनर आणि दोन हजारांवर धूम्रपान करणारे पेशंट. ज्यांना काहीच सांगितलं नाही, त्यांच्यातले ०.३ टक्के महिनाभरात सोडून वर्षभर सुटलेले राहिले. डॉक्टरने मिनिट-दोन मिनिटं नीट सांगितलं, तिथे ३.३ टक्के. त्याच सांगण्याला एक पत्रक जोडलं आणि ‘पुन्हा विचारणार आहे’ असं बजावलं, तिथे ५.१. मिनिट-दोन मिनिटं, बरं का. तेवढा वेळ तुमचा कोऱ्या केसपेपरवर शिक्का मारण्यात जातो.

आणि ‘शंभरात पाचच?’ म्हणून नाक मुरडू नका. वीस जणांना दिल्यावर एकाला वर्षभर धूम्रपानापासून लांब ठेवणारी गोळी एखाद्या कंपनीने काढली असती, तर तिच्या परिषदेला तुम्ही पंचतारांकित हॉटेलात पहिल्या रांगेत बसला असता. इथे गोळी नाही, पेन नाही, बॅग नाही. तोंड चालवायचंय, तेही फुकट. म्हणून नको झालंय.

त्या ‘पुन्हा विचारणार आहे’ या शब्दांवर जरा थांबा. पेशंट पुढच्या महिन्यात येतो तेव्हा तुम्ही काय विचारता? ‘गोळ्या संपल्या का?’ संपलं. त्याने महिनाभर चहात साखर घातली नाही, कुणाला सांगावं म्हणून तो आतुर आहे. तुम्ही विचारतच नाही. तिसऱ्या महिन्यात तो साखर घालतो. मग तुम्ही मला येऊन सांगता की हे लोक सुधारत नाहीत.

‘हे काही खरं औषध नव्हे’ अशीही एक समजूत आहे, विशेषतः मेडिसिनच्या वॉर्डात. बोलणं म्हणजे सोशल वर्करचं काम. मग चेन्नईत ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते काय होतं? मधुमेहाच्या उंबरठ्यावरची आपलीच माणसं. आहार-व्यायामावर नेमानं पाठपुरावा केला, तर मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनने २६.४. दोन्ही एकत्र दिल्यावरही २८.२ च. मेटफॉर्मिनचा डोस तुम्हाला मिलिग्रॅममध्ये पाठ आहे. बोलण्याचा डोस माहीत आहे?

आता ‘अडाणी लोक’ या शब्दाकडे येतो. कँटीनमागच्या टपरीवर रात्री अकरा वाजता कोण उभं असतं? अडाणी लोक? पॅथॉलॉजीच्या बरणीतलं काळं फुप्फुस हातात धरून वर्णन केलेली मंडळी असतात तिथे. माहितीने माणूस बदलत असता, तर ती टपरी पहिल्या वर्षीच बंद पडली असती. अभय बंगांना वैद्यकाची माहिती कमी होती? गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी आयुष्य घातलेला डॉक्टर. त्यालाही हृदयरोगाने गाठलं, तेव्हा त्याने आपल्याच जगण्याची झडती घेतली आणि ते पुस्तकात लिहून टाकलं. मराठी घराघरांत वाचलं गेलं ते पुस्तक. तुम्हीही वाचलं असेल, आईने दिलं म्हणून. जाणणं आणि करणं यांच्यामध्ये केवढी दरी असते, हे तुम्हाला स्वतःच्या पोटावरून कळतं. पेशंटच्या बाबतीत मात्र एका वाक्यात ती पार व्हावी अशी अपेक्षा! आपण कोरडे पाषाण, आणि ब्रह्मज्ञान द्यायची घाई.

बरं, सल्ला तरी धड देता? खुरपणीला जाणारी बाई. सकाळी सातपासून वाकलेली. तिला तुम्ही सांगता, ‘रोज अर्धा तास चालत जा.’ तिने तुमच्या तोंडाकडे पाहिलं, तुम्हाला वाटलं तिला कळलं नाही. तिला चांगलं कळलं. तुम्हाला कळलं नाही. केसपेपरवर तुम्ही ‘गृहिणी’ लिहिलं होतं. दुसऱ्याला सांगता, ‘जेवणात मीठ कमी करा, दिवसाला पाच ग्रॅम.’ त्याच्या घरी भाजी सून करते, सात माणसांची, एका पातेल्यात. त्याने काय करायचं? पातेल्यातून स्वतःच्या वाटणीचं मीठ वेचून काढायचं? सुनेला एकदा बोलवा. ते जमत नसेल तर लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, वरून घेतलेली चिमूट, यातलं काय सुटेल ते त्यालाच विचारा. मुक्कामी गाडीवर जाणाऱ्या एसटी ड्रायव्हरला तुम्ही ‘वेळेवर जेवा’ म्हणता. वेळापत्रक तो ठरवतो का?

सुझन मिची यांनी २०११ साली हे साध्या तीन प्रश्नांवर आणून ठेवलं. माणसाला ते जमतं का? त्याला तशी सोय आहे का? त्याचं मन आहे का? तिन्हींपैकी अडलंय कुठे ते आधी शोधा. तुम्ही मात्र सरसकट मनावरच घसरता. ‘इच्छाशक्ती नाही’ हे निदान तुमच्याइतकं सढळ हाताने कुणी वाटत नसेल.

निकोटिनचं च्युइंग गम लिहून देता, तेव्हा ते चघळायचं कसं हे सांगता का? साध्या गमसारखं सतत चावलं तर निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि माणूस दुसऱ्या दिवशी फेकून देतो. थोडं चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं. तंबाखू धरायची सवय असलेल्या माणसाला हे तुमच्यापेक्षा लवकर जमतं. फक्त सांगायला हवं. १८००-११-२३५६ ही क्विटलाइन किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. पुडीवर छापलेला नंबर आहे तो, पेशंटला तुमच्याआधी माहीत असेल.

‘आशाताई करतात ना ते काम.’ करतात. तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरायला दारोदार त्या जातात, तंबाखू विचारतात, दारू विचारतात, कंबर मोजतात, तुमच्याकडे पाठवतात. आणि तुम्ही काय करता? २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरणारा निघाला, बहुतेक बिनधुराची. देशभरात अशी तंबाखू खाणाऱ्या, लावणाऱ्यांपैकी जे वर्षभरात डॉक्टर वा आरोग्यसेवकाकडे गेले, त्यांतल्या जेमतेम ३२ टक्क्यांना सोडायला सांगितलं गेलं. उरलेल्यांची तोंडं तुम्ही जीभ बाहेर काढायला लावून पाहिली असतील. डाग दिसले नाहीत?

मागच्या रांगेत बसलेल्या प्रशिक्षकांनो, तुम्ही हसू नका. तुमचा नंबर आता. एका दिवसात ऐंशी स्लाइड. सकाळी दीपप्रज्वलन, अकराला चहा, दुपारी जेवण, ग्रुप फोटो, हजेरीवर सही, प्रवासभत्ता. शेवटी फॉर्म : ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?’ सगळ्यांचं ‘अतिशय’. याला प्रशिक्षण म्हणता? २००१ साली मिलर आणि माउंट यांनी आपल्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली. शिकलेल्यांना विचारलं, तर जो तो म्हणाला, माझं कौशल्य भरपूर वाढलं. प्रत्यक्ष संभाषणाच्या टेप ऐकल्या, तर बदल जेमतेम, आणि समोरच्या माणसाला तर काही फरकच पडला नव्हता. ज्याने हे शास्त्र उभं केलं, त्याच्या कार्यशाळेची ही गत. तुमच्या ऐंशी स्लाइडची काय असेल? पण तो माणूस तिथे थांबला नाही. २००४ मध्ये १४० जणांवर पुन्हा प्रयोग केला. शिकवल्यानंतर ज्यांचं काम कुणीतरी ऐकून चुका दाखवल्या, मागे लागून शिकवलं, त्यांचं कौशल्य टिकलं. नुसत्या कार्यशाळेवाल्यांचं ओसरलं.

यात नवल काय आहे? शीर सापडायला किती हात फुटले तुमचे? कुणीतरी शेजारी उभं राहून ‘कोन कमी कर, सुई वर घे’ म्हणत होतं, तेव्हा जमलं. ‘शीर कशी शोधावी’ यावर भाषण ऐकून कुणी सलाइन लावायला शिकलंय? २०१९ पासून अभ्यासक्रमात संवादकौशल्य रीतसर आलं, मॉड्यूल आलं, लॉगबुक आलं. लॉगबुकात सह्या कुणाच्या आहेत आणि प्रत्यक्ष संभाषण कुणी ऐकलं, हे मला विचारायला लावू नका.

कुणाच्या तरी मनात आलंय, दिसतंय मला : ‘सर, दटावून माणूस बदलत नाही म्हणता, मग आम्हाला का दटावताय?’ चांगला प्रश्न आहे. पेशंटने तुमच्याकडे येताना शपथ घेतलेली नसते. तुम्ही घेतली आहे. शिवाय तुम्हाला येत नाही असं मला वाटत असतं, तर मी एवढं बोललोच नसतो. बालरोगाच्या वॉर्डात तुम्हीच रडणाऱ्या पोराशी गुडघ्यावर बसून बोलता. घाबरलेल्या आईला पहाटे तीन वाजता धीर देता. येतं तुम्हाला. शुगरच्या, बीपीच्या, तंबाखूच्या पेशंटसमोर ते बाहेर काढत नाही. का? तर तिथे कुणी मरत नसतं. आज मरत नसतं, एवढंच. दहा वर्षांनी तोच पाय कापायला, तोच जबडा काढायला येतो, आणि तेव्हा तुम्ही गंभीर चेहरा करून फाइलवर लिहिता : ‘रुग्णाने सल्ला पाळला नाही.’

तर काम ऐका. उद्यापासून रोज एक पेशंट. पाच मिनिटं. त्याची परवानगी घेऊन मोबाइलवर संभाषण ध्वनिमुद्रित करायचं, नाव-गाव न येऊ देता. मी ते ऐकणार आणि मोजणार : तुम्ही किती बोललात, तो किती बोलला, तुम्ही किती वेळा तोडलंत, आणि पुढच्या वेळी काय विचारणार हे त्याला सांगितलंत का. प्रशिक्षकांनीही आणायचं, सुटका नाही. केसपेपरवर ‘समुपदेशन केले’ चालणार नाही. पेशंट काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत एक ओळ लिहायची.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता, याच खोलीत. वेळ मिळाला नाही म्हणणाऱ्याने येऊच नये.