रोज जरासं फिरवणं

गाडगेबाबांच्या आणि तुकडोजी महाराजांच्या वऱ्हाडात सकाळच्या चहासोबत वाइनची गोष्ट काढायची म्हणजे जरा धाडसच. पण ती प्यावी की नाही, हा आजचा विषय नाही. ती तयार कशी होते, एवढंच बघू. आपल्या भागात संत्रा आणि कापूस. द्राक्षाचे मळे तिकडे, नाशिक-जुन्नरकडे. त्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, श्यामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रेंच जाणकारांची मदत घेऊन फेसाळ पांढरी वाइन करायला घेतली. ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशातही विकली गेली. आता नाशिकच्या बाजूलाही फेसाळ वाइन होते.

हिची रीत मोठी मजेची आहे. तयार वाइन बाटलीत भरतात, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि झाकण घट्ट बसवतात. आत पुन्हा आंबणं सुरू होतं. त्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त होतो. फ्रान्सच्या शँपेन भागात एकाच वर्षाच्या द्राक्षांची, लेबलावर साल छापलेली बाटली बाजारात जायच्या आधी निदान 3 वर्षं तळघरात राहते. तोवर यीस्टचं काम संपतं, ते मरतं आणि त्याचा गाळ आत साचतो. आता आली का पंचाईत? बाटली नुसतीच उघडली तर फेस जातो. हलवली तर सगळंच गढूळ होतं. तिथल्या रीम्स शहरात बार्ब-निकोल क्लिको नावाची बाई होती. 1805 मध्ये नवरा गेला तेव्हा ती 27 वर्षांची होती. सासरचा वाइनचा धंदा तिनं हाती घेतला. 1816 च्या सुमारास तिच्या तळघरात एक युक्ती निघाली, असं मानतात. भोकं पाडलेल्या फळीत बाटल्या तिरप्या, तोंड खाली करून खोचायच्या. रोज प्रत्येक बाटली जराशी, साधारण एक अष्टमांश, फिरवायची आणि हळूहळू उभी उलटी करत न्यायची. काही आठवड्यांत गाळ आपसूक घसरत तोंडाशी येतो. मग तेवढाच भाग गोठवतात आणि झाकण काढतात. आतला दाबच बर्फाच्या खड्यासकट गाळ बाहेर फेकतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी हे फिरवणं यंत्रं करतात आणि आठवडाभरात उरकतात. तरी काही तळघरांत अजून माणसाचा हात फिरतो.

घरातही गाळ साचतोच. माणसं वाईट असतात म्हणून नाही. एका छपराखाली, एकाच वावरावर वर्षानुवर्षं राहिल्यावर तो साचणारच. धुऱ्यावरून कधीतरी झालेली बोलाचाली असते. कापसाच्या चुकाऱ्यातून कोणी किती उचल घेतली, हे मनात राहिलेलं असतं. लग्नात आपल्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, हे सुद्धा. एक भाऊ अकोल्यात, दुसरा अमरावतीत. मध्ये दोन तासांचा रस्ता, पण फोन फक्त सणाला. अशा वेळी आपण बहुतेक दोनच गोष्टी करतो. एक तर ‘जाऊ द्या ना’ म्हणून विषय झाकून टाकतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर वरचं पाणी नितळ दिसतं, पण बुडाशी सगळं तसंच असतं. भांड्याला धक्का लागायचा अवकाश. नाहीतर एखाद्या तेरवीला, चारचौघांत, दहा वर्षांचं सगळं एकदम काढतो. मग बोललेलं कोणाला आठवत नाही, आवाज तेवढा आठवतो. मला यातलं पहिलं जास्त धोक्याचं वाटतं, कारण त्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. तिसरी रीत त्या तळघरातली. रोज एक अष्टमांश. आज नुसतं ‘दादा, पाणी आलं का तिकडं?’ एवढंच विचारायचं. उद्या पोरांची चौकशी. चार दिवसांनी, ‘त्या दिवशीचं माझ्या मनाला लागलं होतं’, हे एक वाक्य, आवाज न चढवता. लगेच उत्तर मागायचं नाही. विषय आपला आपण पुढे सरकतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. बाटलीतला गाळ बाहेर फेकतो तो बाहेरचा जोर नाही, आत मुरलेला दाबच. घरातही तसंच आहे. ज्यांच्याबद्दल काही वाटतच नाही, त्यांच्यावर आपण रुसत नाही. रुसवा आहे म्हणजे आत माया आहे, आणि बोलणं सुरू ठेवलं तर ती मायाच तो मोकळा करते. तेव्हा आज कामावर निघण्याआधी एक फोन लावा. मुद्द्याचं काही बोलू नका, जेवण झालं का एवढंच विचारा. उरलेलं उद्या.