धक्का दूरचा, ताण आपलाच


आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62-63

रविवारी अंबडला घरी होतो. आईसोबत मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढताना ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या कुणाच्या तरी प्रमोशनचा. तेवढ्यात आईने विचारलं, "जेवायला थांबशील ना?" आणि मी तिच्यावर खेकसलो. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हे आजचं नाही रे. कवाचं साठलंय तुझ्या मनात."

तिच्या बोलण्यावरून मला भूकंपाबद्दल वाचलेलं आठवलं. 3 नोव्हेंबर 2002 ला अलास्कात डेनाली भ्रंशावर 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा सुमारे 3000 किलोमीटरवरच्या यलोस्टोनला पोचल्या आणि तिथे लहान लहान भूकंपांची रांग लागली. कॅलिफोर्नियात तर भ्रंशाच्या खोल भागात इतकी मंद थरथर झाली की ती फक्त यंत्रांनाच कळली. एवढ्या लांबून आलेल्या लाटेत जोर तो किती उरणार? पण जिथे ताण आधीच साठून भ्रंश सरकण्याच्या बेतात असतो, तिथे तेवढाही पुरतो. बाकी ठिकाणी तीच लाट नुसती निघून जाते.

आपल्या कोयनेचंही तसंच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाला धरणाचं पाणी निमित्त झालं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ताण मात्र खडकांत आधीपासूनचा.

भगवंत मनाबद्दल हेच सांगतात. आधी विषयाचं चिंतन, मग आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध. क्रोध ही चौथी पायरी आहे, बघा! पहिल्या तीन मी चार महिने गुपचूप चढत होतो. मेसेजने फक्त शेवटचा धक्का दिला. आणि पुढच्या श्लोकात काय येतं? स्मृतिभ्रंश. जमिनीतल्या भेगेलाही आपण भ्रंशच म्हणतो ना! समोर आई उभी आहे, हेच मी विसरलो होतो.

अंबड हे नाव अंबरीष राजावरून पडलं, असं गावात सांगतात. त्याची कथा भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. दुर्वासांनी संतापून त्याच्यावर कृत्या सोडली, तरी राजा जागचा हलला नाही. उलट तेच दुर्वास परत येईपर्यंत वर्षभर नुसत्या पाण्यावर राहून त्यांची वाट बघत राहिला. धक्का केवढा मोठा! पण आत साठवलेलं काहीच नव्हतं.

टेकडी उतरल्यावर आईची माफी मागितली. जेवायला थांबलो.

मित्रांनो, जगातून येणारे धक्के आपल्या हातात नाहीत. आज झोपण्याआधी स्वतःला एवढंच विचारा : दिवसभर मी मनात काय घोळवत होतो? जे सापडेल ते देवापुढे ठेवा आणि मग डोळे मिटा.

श्रीकृष्णार्पणमस्तु. 🌸