एव्होराची सहल आणि एक प्रश्न

प्रवासाची आंखणी ही वरवर पाहतां केवळ सोयीची बाब होय. गाड्या केव्हां सुटतात, भोजन कोठें घ्यावें, कोणती इमारत कोणत्या वारीं बंद असते, एवढें ठरलें कीं काम संपलें, अशी आमची समजूत होती. परंतु थोड्या वेळांत पुष्कळ पाहावयाचें असलें म्हणजे कशास किती वेळ द्यावा हें ठरवितांना, आपणांस काय महत्त्वाचें वाटतें हें मनुष्य नकळत कबूल करून बसतो. आमच्या घरीं नुकतेंच असें घडलें, म्हणून तो विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

येत्या वसंतांत आम्हांस लिस्बन येथें चार दिवस राहण्याचा योग आहे. त्यांतील एक दिवस एव्होरा या प्राचीन नगरासाठीं काढावा असें ठरलें. हें गांव लिस्बनच्या पूर्वेस सुमारें १३० किलोमीटरवर, आलेंतेझु प्रांतांत आहे; आगगाडीनें दीड तासांत पोंचतां येतें. तटबंदीच्या आंतील जुन्या गांवास १९८६ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. आमच्या कन्येनें कागदावर दिवसाचा क्रम लिहिला: रोमन देवालय अर्धा तास, कॅथीड्रल एक तास, अस्थिमंदिर पाऊण तास, जुन्या विद्यापीठांतील वर्गांच्या भिंतींवरील निळ्या चित्रांच्या फरश्या एक तास, मग जिराल्डोच्या चौकांत कारंज्याजवळ कॉफी आणि परतीची गाडी.

कागद पाहून आम्हांस समाधान वाटलें. त्या देवालयाची हकीकतच मोठी विलक्षण आहे. तें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतलें. लोक त्यास डायनाचें देऊळ म्हणत आले, पण त्या म्हणण्यास आधार नाहीं. पुढें खांबांमधील जागा भिंतींनीं बुजवून तेथें १८३६ पर्यंत खाटिकखाना चालला. आणि खांब आज उभे आहेत ते त्या खाटकांच्या भिंतींमुळेंच असें म्हणतात! अस्थिमंदिर सतराव्या शतकांतलें. फ्रान्सिस्कन साधूंनीं गांवच्या भरून गेलेल्या दफनभूमींतून सुमारें ५,००० माणसांच्या अस्थि काढून त्या भिंतींत व खांबांत चुन्यानें बसविल्या. पाहणारास स्वतःच्या नश्वरतेचें भान यावें हा हेतु. आलेल्या पाहुण्याचीही पाळी येणार आहे, ही आठवण दारावरच कोरलेली आहे.

आमच्या आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या. आमचें कुलदैवत श्रीमंगेश. कुशस्थळीचें मूळ स्थान सोडून १५६० च्या सुमारास देव नदीपलीकडे प्रियोळास नेला, ही गोष्ट त्या कालपरवां घडल्यासारखी सांगतात. त्यांनीं तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि विचारलें, "अरे, मेलेल्यांच्या हाडांना पाऊण तास, आणि ज्यांनीं माणसें जाळलीं त्यांच्या वाड्याला किती?"

तो वाडा कागदावर नव्हताच. वास्तविक इन्क्विझिशनचा तो वाडा रोमन देवालयाला जवळ जवळ लागूनच आहे. आज तेथें कलाप्रदर्शनें भरतात. पोर्तुगालांत हें धर्मन्यायासन १५३६ सालीं स्थापन झालें आणि एव्होरा हें त्याचें एक प्रमुख ठाणें होतें. शिक्षा जाहीर करण्याचे सोहळे होत ते त्याच चौकांत, जेथें आमची कॉफी ठरली होती. इतकेंच नव्हे. एव्होराचे पहिले आर्चबिशप कार्डिनल हेन्रीक हे १५३९ पासून सबंध राज्याचे मुख्य इन्क्विझिटर होते. ज्याच्या फरश्या पाहण्यास आम्ही एक तास राखला तें विद्यापीठ त्यांनींच १५५९ सालीं स्थापिलें. आणि दुसऱ्याच वर्षीं, त्यांच्याच अमलांत, गोव्यांत इन्क्विझिशन आलें. मधलीं थोडीं वर्षें वगळतां तें १८१२ पर्यंत टिकलें.

मग अशा गांवीं हौसेनें जावें काय? न जाणें हें सोपें उत्तर आहे, आणि रागाच्या भरांत तें थोर वाटतें. परंतु एव्होराच्या न्यायासनानें छळिलें तें मुख्यतः कोणास? ज्यांचे पूर्वज यहुदी होते अशा त्यांच्याच देशबांधवांस. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्या तरी रक्तावरून संशय घेणें, हा त्या न्यायाचा प्राण होता. आज तेथें कॉफी आणून देणाऱ्या मुलास त्याच्या पूर्वजांवरून दोषी धरणें म्हणजे तोच न्याय चालविणें होय.

शिवाय आमचा रागही वाटतो तितका सरळ नाहीं. देव हलले ते देवळें पाडण्याच्या हुकुमांमुळें. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. म्हणजे जे नदी ओलांडून गेले ते आमचे पूर्वज वांचले, आणि जे मागें राहून बाटले त्यांस तो जाच अधिक झाला. त्या मागें राहिलेल्यांस आम्हीं पुढें किती आपलें मानलें, हें न विचारलेलेंच बरें. तसेंच पंढरपूरचें. साने गुरुजींना विठ्ठलाचें दार हरिजनांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं उपोषण करावें लागलें. त्या राउळांत आम्ही अनेकदां गेलों आहों. तें दार इतकीं शतकें कोणावर बंद होतें याचा विचार करण्यास दर्शनाच्या रांगेंत एक मिनिटही राखलें नाहीं.

"तें सगळें झालें गेलें, फरश्या सुंदर आहेत, त्या पाहाव्या," असेंही आमच्या मनानें एकदां सुचविलें, आणि खरें सांगावयाचें तर तेंच म्हणणें आम्हांस अधिक मोहक वाटलें. फरश्या सुंदर आहेत यांत खोटें कांहीं नाहीं. त्या सौंदर्यासाठीं शेजारच्या वाड्याकडे पाठ फिरवावी लागत असेल, तर मात्र आपण पाहण्यास गेलों असें म्हणतां येणार नाहीं. करमणुकीस गेलों असें म्हणावें.

दोन दिवसांनीं कन्येनें नवा कागद आणला. अस्थिमंदिराचीं पंधरा मिनिटें कमी झालीं होतीं, कॅथीड्रलाचीं वीस. त्या वेळांत देवालयाशेजारचा वाडा आला होता. कॉफी चौकांतच राहिली, पण ती आतां वाड्यानंतर. आत्याबाईंनीं पुनः चष्मा लावला, सर्व वाचलें, आणि जेवणाच्या रकान्याशीं थांबल्या. तेथें आलेंतेझुचें एक प्रसिद्ध पक्वान्न लिहिलेलें होतें: शिळा पाव, लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्हचें तेल यांवर उकळतें पाणी ओतून केलेलें, वर अंडें सोडतात.

"अंडें नको म्हणून सांगा," त्या म्हणाल्या, "लसूण-कोथिंबीर आहे ना, मग उपाशी राहणार नाहीं तुम्ही."