चौथा बिछाना

निकाह, तलाक, मेहर या विषयांवर आपल्याकडे परिसंवाद होतात, ठराव होतात. पण निकाहानंतर ती दोन माणसे ज्या दोन खोल्यांत राहायला जातात, त्या खोल्यांत काय असावे, ते कोणी आणावे आणि कोणासाठी आणावे, हा प्रश्न बायकांचा किंवा फार तर खिशाचा समजला जातो. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. सूरह नहलमध्ये घराचा उल्लेख अल्लाहने दिलेली विसाव्याची जागा असा येतो. त्याच आयतीत जनावरांच्या लोकरीपासून, केसांपासून होणाऱ्या घरसामानाचाही उल्लेख आहे. तिथला 'असास' हा शब्द उर्दूत 'असासा' होऊन आपल्या बोलण्यात मालमत्तेसाठी रुळला. त्या सामानाला आयतीने मुदतही घातली आहे. ते काही काळापुरतेच आहे.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांची एक रिवायत आहे. तिचा आशय असा की, एक बिछाना पुरुषाचा, एक त्याच्या पत्नीचा आणि एक पाहुण्याचा. त्यापुढचा चौथा सैतानाच्या वाट्याचा. भाष्यकार म्हणतात की ही शब्दशः मोजणी नव्हे. मुलांना अंथरूण लागणारच. गरजेपलीकडचे, दिखाव्यासाठी घेतलेले जे काही ते चौथे. मला या रिवायतीत तिसरा बिछाना जास्त महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याची सोय गरजेतच धरली आहे. म्हणजे कंजूष साधेपणाची ही शिकवण नाही. अडचण एवढीच की, तिसरा बिछाना कुठे संपतो आणि चौथा कुठे सुरू होतो, हे आपल्या दिवाणखान्यात ओळखू येत नाही.

चंद्रपूरचेच उदाहरण घेऊ. परकोटाच्या आतली जुनी घरे भावाभावांत वाटली गेली, आणि नवी पिढी जटपुरा गेटबाहेर, तुकूमकडे किंवा आणखी लांब, लहान फ्लॅटमध्ये राहायला गेली. नवरा कोळसा खाणीत ठेकेदाराकडे, नाही तर एखाद्या दुकानात किंवा शाळेत. फ्लॅटचा हप्ता किंवा भाडे गेल्यावर हातात उरते ते थोडे. या गावात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो. तेव्हा पहिली खरी गरज कूलर, मग पाण्याचा ड्रम, मग झोपायला काहीतरी. पण घरात आधी येतो तो सोफा. त्याच्यासोबत पलंग, लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबल, शोकेस. ट्रक दारात उभा राहतो, सारी बिल्डिंग बघते. पलंग जिन्यातून वर चढत नाही म्हणून गॅलरीतून दोराने ओढून घेतात. खोली दहा बाय दहाची असते आणि पलंगच सहा बाय साडेसहाचा.

हे सामान कोणाच्या पैशाचे असते, ते सगळ्यांना माहीत आहे. मुलीच्या बापाने आयुष्यभराची पुंजी मोडलेली असते, नाही तर कर्ज काढलेले असते. बिनव्याजी हप्ता म्हणून जे दिले जाते त्यातही प्रक्रियेचा खर्च म्हणून काही रक्कम कापली जाते, आणि एक हप्ता चुकला की दंड लागतो. सूद हराम आहे असे मिंबरवरून ऐकणारा माणूस हे कर्ज काढतो, आणि ते ज्यांच्या घरासाठी काढले त्यांच्या मनाला त्याची टोचणी लागत नाही. आम्ही काही मागितले नव्हते, असे वरपक्ष म्हणतो. कायद्यालाही हे वाक्य चालते. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने न मागता दिलेली भेट वगळली आहे, फक्त तिची यादी ठेवायला सांगितले. 1985 मध्ये त्या याद्यांचे नियमही झाले. मी आजवर अनेक निकाहांना बसलो. मेहर लिहिला जाताना पाहिला, भेटींची यादी लिहिली जाताना कधी पाहिली नाही.

यावर हजरत फातिमांच्या जहेजचा दाखला ठरलेला. नसाईमधल्या रिवायतीत एक उबदार चादर, पाण्याची मशक आणि सुगंधी गवत भरलेली उशी एवढ्यांचा उल्लेख येतो. जहेज देणारे हा दाखला देतात, आणि जहेजला विरोध करणारेही हाच देतात. यादी किती छोटी आहे बघा, म्हणतात. दोघांचेही लक्ष यादीवर असते. हजरत अलींनी मेहरासाठी आपले चिलखत दिले, हे मात्र दोघेही घाईत सांगून टाकतात. काही रिवायतींप्रमाणे ते विकून आलेल्या पैशांतूनच हे सामान घेतले गेले. म्हणजे घर लावले ते नवऱ्याच्या चिलखताने. आमच्या तरुणाला मशक आणि उशीचा साधेपणा सांगण्याआधी हे चिलखत सांगायला हवे. स्वतःच्या कमाईने घर लावायचे ठरले की ते आपोआप हळूहळू लागते. पहिल्या वर्षी गादी आणि कूलर, दुसऱ्या वर्षी कपाट. यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

साधेपणाचा उपदेश मला तसा आवडत नाही. तो नेहमी ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच केला जातो. आणि स्वस्त म्हणजे साधे, महाग म्हणजे इसराफ, हा हिशेबही आमच्या भागात टिकत नाही. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट स्वस्त असते. इरईला पूर आला की रहमतनगरात पाणी शिरते. 2022 च्या जुलैतही शिरले. अशा पाण्यात ती फळी फुगते, तिचे थर सुटतात, स्क्रू धरत नाहीत. कपाट थेट उकिरड्यावर जाते. लोखंडी कपाट गंजते, पण पुसून, रंगवून पुन्हा उभे राहते. जुन्या सागवानाचा तख्त चिखलातून धुऊन काढला की परत वापरात येतो. सागाच्या पक्क्या गाभ्याला वाळवी, जिला आमच्याकडे उदई म्हणतात, सहसा लागत नाही. बदली होऊन जाणाऱ्या नोकरदाराकडून असा एखादा जुना तख्त घेतला, तर तो नव्या सोफ्यापेक्षा कमी पैशांत पडतो आणि नातवापर्यंत टिकतो. इसराफ किमतीत नसतो, वस्तू कशासाठी घेतली त्यात असतो.

सागवानाची गोष्ट निघालीच आहे तर, आलापल्लीचे जंगल आमच्या उशाला आहे. तिथला 'वनवैभव' हा राखीव तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाला. त्या सागाचे नवे फर्निचर नागपूर-मुंबईच्या बंगल्यांत दिसते. आलापल्ली-अहेरीच्या घरांत, मग ते गोंडाचे असो की मुसलमानाचे, बहुतेक प्लास्टिकच्या खुर्च्या. बांबूचेही तसेच होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू विकण्याचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती यायला 2011 उजाडले. तोवर हा बांबू कागद गिरणीला जायचा. आता चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात त्याच बांबूच्या खुर्च्या, शेल्फ, दिवाण करायला शिकवतात. प्रक्रिया केलेला असेल तर त्याला घुण लागत नाही, आणि वजन इतके हलके की जिन्यातून एकटी बाई चढवू शकते. पण जहेजात बांबूचा दिवाण दिला तर वरपक्ष काय म्हणेल, हे मी लिहायला नको.

लहान फ्लॅटमध्ये रिकामी फरशी हे सर्वांत मोलाचे सामान, असे मला वाटते. आपली जुनी घरे फरशीवर जगत. दस्तरखान पसरला की जेवणघर, तो उचलून जानमाज टाकली की नमाजची जागा, रात्री गाद्या घातल्या की पाहुण्यांची सोय. तिसरा बिछाना दिवसभर घडी होऊन पेटीवर असे. सोफा आला आणि फरशी गेली. आता चार पाहुणे सोफ्यावर ऐटीत बसतात, पाचव्याला जागा नाही. रात्री मुक्कामाला कोणी राहू शकत नाही. ज्या पाहुण्याच्या नावाने सोफा घेतला, तोच आता दोन तासांत उठून जातो. घरातल्या बायका स्वयंपाकघरात दाटीवाटीने जेवतात.

आणि मुलगी अभ्यासाला कुठे बसते? आपल्या मुली आता बारावीपुढे शिकतात, नीटची तयारी करतात. दिवाणखान्यात टीव्ही आणि माणसे, आतल्या खोलीत पलंग. ती पलंगावर पाय दुमडून, मांडीवर पुस्तक घेऊन बसते. तिला हवे ते दोन फूट रुंदीचे टेबल आणि एक खुर्ची, तीही उजेडाला. आतल्या खोलीला खिडक्या दोन. एकीत कूलर बसवलेला. मे महिन्यात तो काढा असे कोणी म्हणणार नाही. दुसरीखाली टेबल मावते, पण तिथे ड्रेसिंग टेबल आहे. त्याचा आरसा एका कोपऱ्यात काळा पडला आहे, खणांत जुनी बिले आणि औषधे आहेत. ते हलवायचा विषय निघाला की आई गप्प होते. तिच्या अब्बांनी ते दिले होते. त्याचे कर्ज फिटायला त्यांना सहा वर्षे लागली होती.