दोन बिऱ्हाडं

तीन वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीमागच्या गल्लीतलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा एकाच महिन्यात मला दोन तात्पुरती बिऱ्हाडं लावायची होती. एक आमचं. दुसरं, आमचं घर बांधायला येणाऱ्या माणसांचं.

आमच्यासाठी मी सात फ्लॅट पाहिले. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला नाही तर लिफ्ट हवी होती. आपल्या शहरात तेव्हा आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी टाकी केवढी आहे आणि टँकर आतपर्यंत येतो का, हे विचारलं. एका फ्लॅटच्या बाल्कनीचे गज जरा लांब-लांब होते. ‘यातून नातीचं डोकं जाईल,’ बायको म्हणाली आणि तो फ्लॅट आम्ही उभ्या-उभ्या सोडला. शेवटी गारखेड्यात मनासारखी जागा मिळाली. राहायचं होतं दहा महिने, पण पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या बिऱ्हाडाचा निर्णय सुपारी हनुमानाच्या देवळापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालता-चालता झाला. ठेकेदार बरोबर होते. म्हणाले, ‘काका, लेबरला मागच्या भिंतीला लागून पत्रे टाकून देतो. स्लॅब पडला की वर जातील. चालेल ना?’

मी म्हणालो, ‘बघा तुम्ही.’

हे दोन शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो. माझ्या मनात त्यांचा अर्थ विश्वास असा होता. आज वाटतं, मी त्या क्षणी नऊ माणसांची दहा महिन्यांची झोप दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा झालो होतो, आणि ती झोप कुठे टेकणार, ही जागा एकदा जाऊन पाहण्याचंही मला सुचलं नव्हतं.

माणसं जिंतूरकडची होती. मिस्त्री, त्याची बायको, दोन लहान मुलं, मिस्त्रीचा भाऊ, भावजय आणि तिघं बिगारी. पहिले दोन महिने ती शेजारच्यांच्या जुन्या दगड-मातीच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली राहिली. पहिला स्लॅब पडल्यावर फळ्या आणि बल्ल्या निघाल्या, तसं बिऱ्हाड वर गेलं. जुन्या शहरातल्या गल्लीत वेगळं शेड टाकायला जागा नसते. वाळू रस्त्यावर, खडी रस्त्यावर, आणि माणसं ज्या घराचं काम चाललंय त्याच घराच्या पोटात.

आषाढातल्या एका रात्री जोराचा पाऊस सुरू झाला. सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री नीट टाकली असेल ना, या काळजीने मी गारखेड्याहून स्कूटर काढली. गुलमंडीतल्या दुकानांची शटर पडली होती. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. मोबाइलच्या उजेडात कच्च्या जिन्याने वर गेलो. गोण्या कोरड्या होत्या. खाली फळ्या, वर दुहेरी ताडपत्री. त्यांच्या पलीकडे माणसं झोपली होती. स्लॅबला कठडा नव्हता, भिंती अजून उठायच्या होत्या. मिस्त्रीची बायको भिंत होणार होती त्या बाजूला बसल्या-बसल्या पेंगत होती. धाकटं पोर दीड वर्षाचं. तिने साडीचा पदर त्याच्या पायाला बांधला होता आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं.

‘ताई, तुम्हाला झोप लागली तर?’

‘ओढ बसली की जाग येती, काका.’

गारखेड्याच्या बाल्कनीचे गज आम्ही मोजून घेतले होते.

ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. 22 फेब्रुवारी 2025 ला ती पुन्हा उसळून वर आली. जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यात, पासोडी-चांडोळ रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं. कामाच्या जागीच पत्र्याचं शेड होतं आणि त्यात मजूर झोपले होते. पहाटेच्या अंधारात वाळूचा टिप्पर आला, आणि वाळू त्या शेडवर रिकामी झाली. पाच जण गेले. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर.

चालकाचं काय चुकलं ते कायदा ठरवेल. मला मात्र त्या पहाटेच्या आधीचा एक साधा दिवस आठवत राहतो. शेड टाकायचं होतं, तेव्हा कुणीतरी तिथे उभं राहून हाताने जागा दाखवली असेल, ‘इथे टाका’ म्हणून. माल जिथे पडतो, गाडी जिथे मागे घेतात, तिथून ती जागा किती लांब आहे, हे त्या वेळी चार पावलं टाकली असती तरी कळलं असतं. रात्री तिथे एक दिवा लागेल का, चालकाला पत्रा दिसेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. किंवा कुणी हाताने जागा दाखवलीच नसेल. ‘बघा तुम्ही’ म्हटलं गेलं असेल, वरून खाली, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी ते शब्द ज्याच्यापाशी पोचले त्याने बिचाऱ्याने जागा मिळाली तिथे पत्रे उभे केले असतील.

त्याच्या जवळजवळ सहा वर्षं आधी, 29 जून 2019 ला, पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत मध्यरात्रीनंतर पावसात कोसळली ती शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या शेडवर. 15 माणसं दगावली, त्यात लहान मुलं होती. दोन-तीन दिवसांतच आंबेगावात आणखी एक भिंत अशीच मजुरांच्या झोपड्यांवर आली आणि सहा जण गेले. भिंतीला लागूनच शेड का टाकतात, हे बांधकामावर वावरणाऱ्या कुणालाही विचारा. एका बाजूचे पत्रे वाचतात, वारा अडतो, आणि कामाच्या मधे येत नाही. सोयीचं असतं. पावसाळ्यात त्याच भिंतीमागची माती पाणी पिऊन फुगते, हे उन्हाळ्यात शेड टाकताना कुणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या मागच्या बाजूलाही भिंतच होती. ती पडली नाही, याचं श्रेय माझं काहीच नाही.

आणि हे मरण आपल्याला नवं तरी कुठे आहे? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना ते कोसळलं आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबा गेले. साल 1338. नामदेवांनी मंगळवेढ्याला जाऊन त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी ओळखल्या आणि पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. नामदेव पायरीशेजारच्या समाधीपुढे आपण डोकं टेकतो तेव्हा एका भक्ताला नमस्कार करतो. तो माणूस भिंत बांधता-बांधता भिंतीखाली गेलेला बिगारी होता, हे त्या नमस्कारात फारसं नसतं. त्याच्यासोबत दबलेल्या बाकीच्यांची तर नावंही राहिली नाहीत.

गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा उभी केली तिला चोखामेळ्याचं नाव दिलं. इतरत्र ज्यांना दाराबाहेर ठेवत, त्यांच्यासाठी ती होती. पुढे मुंबईत त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या, कारण पेशंट आत खाटेवर असला तरी गावाहून आलेला त्याचा भाऊ रात्री फुटपाथवर असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. परगावी पोटासाठी किंवा दुखण्यासाठी आलेल्या माणसाची रात्र कुठे जाते, हा प्रश्न तो माणूस आयुष्यभर विचारत राहिला. आपल्याच शहरातली पाणचक्की घ्या. पर्यटक ते फिरणारं पातं पाहून, फोटो काढून परत जातात. ती चक्की बांधली होती तिथे राहणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या माणसांच्या पिठासाठी. डोंगरातलं पाणी नळातून आणून दगड फिरवण्याची एवढी खटपट कुणीतरी वाटसरूच्या भाकरीसाठी केली. तिथला दर्गाही बाबा शाह मुसाफिरांचा. नावातच मुसाफिर.

कायद्याने हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यात कलम 34 होतं. मजुरांना कामाच्या जागी किंवा जमेल तितक्या जवळ राहण्याची तात्पुरती सोय मालकाने फुकट करायची, तिथे स्वयंपाकाची वेगळी जागा, मोरी, कपडे धुण्याची जागा, संडास असायचा. त्याच कायद्यानुसार पन्नासांहून अधिक बायका कामावर असतील तर पाळणाघरही. हा कायदा आता 2020 च्या नव्या संहितेत विलीन झाला आहे. पण दहापेक्षा कमी मजुरांच्या कामाला तो तेव्हाही लागू नव्हता. माझ्या बांधकामावर मोठी माणसं सातच होती. गुलमंडी, रंगारगल्ली, मछली खडक, कुंभारवाडा, या भागातली बहुतेक घरं अशीच सात-आठ माणसं बांधतात. तिथे कुणी अधिकारी येऊन ‘संडास दाखवा’ म्हणणार नाही. तिथे कायद्याच्या जागी फक्त घरमालक उभा असतो.

संडासाचं मला बायकोने सांगितलं. त्या रात्रीनंतर ती दोन-तीनदा साइटवर जाऊन बायकांशी बोलली. जुना संडास आम्ही घराबरोबरच पाडला होता. पुरुष कुठेही भागवत. त्या दोघी जावा दुपारनंतर पाणी पीत नव्हत्या. दिवसभर वाळूची घमेली उचलायची, नव्या भिंतींवर पाणी मारायचं, आणि स्वतः घोटभरही घ्यायचं नाही, कारण रात्री जायचं कुठे? प्लंबर रोज येत होता. चार पत्रे लावून, चेंबरला जोड देऊन एक संडास उभा करणं हे त्याचं एका दिवसाचं काम निघालं. एक दिवस. आणि आम्ही चार महिने घालवले होते.

‘त्यांना गावाकडेही असंच राहायची सवय असते,’ हे आपण सगळे म्हणतो. मी मिस्त्रीला विचारलं होतं. त्याच्या गावी दोन खोल्यांचं घर आहे, दाराला कडी आहे, अंगणात संडास आहे. साइटवर राहण्याची त्याची स्वतःची कारणं मात्र खरी होती आणि ती मी इथे नोंदवतो. लांब खोली घेतली तर भाडं आणि रिक्षात मजुरी जाते, आणि परगावच्या बिगाऱ्याला खोली देताना लोक जात विचारतात, गाव विचारतात, मग ‘नंतर बघू’ म्हणतात. शिवाय सळई-सिमेंटची राखण होते ती वेगळीच. म्हणजे आमचा वॉचमन फुकट होत होता. ‘जवळच बरं, काका,’ तो म्हणाला. ‘फक्त लेकरांना आडोसा पाहिजे.’

आडोसा समोरच होता. वडिलांचं दुकान बंद झाल्यापासून आमच्याच मालकीचा एक गाळा गल्लीच्या पलीकडे पडून होता. जुनी मापं, मोडक्या खुर्च्या, लग्नाची भांडी यांनी भरलेला. सात फ्लॅट पाहणाऱ्या मला दहा पावलांवरचा हा गाळा सुचला नव्हता. तो रिकामा करायला एक रविवार लागला. शेजारचे एक जण म्हणालेही, ‘गल्लीत बिगारी ठेवू नका, उद्या चोरीबिरी झाली म्हणजे?’ मी म्हटलं, चार महिने माझी सगळी सळई त्यांच्याच उशाला होती.

दार जुनं, दोन फळ्यांचं, आत लोखंडी कडी. संध्याकाळी त्या बायांनी फरशी धुतली, एका कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली, खिळ्याला दुरडी टांगली. मी पंख्याची वायर तपासून निघालो आणि गल्लीच्या वळणापर्यंत गेलो असेन, मागे कडी पडल्याचा आवाज आला. मग परत काढल्याचा. मग पुन्हा लावल्याचा. मिस्त्रीची थोरली मुलगी, पाच वर्षांची, ती कडी लावून-काढून पाहत होती.

आता आमच्या गल्लीतला आणखी एक वाडा पाडायला काढलाय. मालक ओळखीचे आहेत, टाइल्स पाहायला परवाच दुसऱ्यांदा पुण्याला जाऊन आले. त्यांच्या मागच्या बाजूला तीच जुनी भिंत आहे. पावसाला दोन महिने आहेत. उद्या सकाळी त्यांच्याकडे चहाला जाणार आहे, जाताना गाळ्याची किल्ली बरोबर नेतो.