पिवळा दिवा

मोटारीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला तरी मोटार चालतच राहते. उडते ती मालकाची झोप. लाल दिव्याचं एक बरं असतं. तो लागला की माणूस गाडी मुकाट्यानं बाजूला घेतो आणि नशिबाला बोल लावतो. पिवळा दिवा मात्र घरातल्या रुसलेल्या आत्याबाईंसारखा. 'काहीतरी बिनसलंय' एवढंच म्हणणार आणि काय ते विचारलं की तोंड फिरवून बसणार.

आमच्या गाडीचा हा दिवा लागला तो मेहुण्यानं गाडी परत आणून दिली त्याच संध्याकाळी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमची गाडी घेऊन पुण्याहून कोल्हापूरला गेला होता. चार दिवसांनी आला तो टाकी भरून आणि गाडी धुऊन. माझ्या संशयाला तेवढं पुरे होतं. माणूस उगाच कशाला दुसऱ्याची गाडी धुऊन देईल?

"अहो, त्याला काय विचारायचं ते नीट विचारा," सौ. म्हणाली. मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यामुळे तिचं मत मी पक्षपाती ठरवून बाद केलं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वातानुकूलित गॅरेजात गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं स्टिअरिंगखाली एक डबी जोडली आणि पी ०१३५ असा आकडा वाचून दाखवला. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर असतो म्हणे, आणि तो लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात एक चिमुकला हीटर असतो. त्या हीटरच्या सर्किटाची तक्रार होती. "सेन्सर गेला सर. नवीन बसवू. आठ हजार. पार्ट यायला चार दिवस लागतील."

मी मेहुण्याला फोन केला. दोष दिला नाही हं! फक्त आकडा सांगितला. आकडा सांगून गप्प बसणं हा मध्यमवर्गीय माणसाचा आरोप करण्याचा सभ्य प्रकार आहे. अर्ध्या तासात माझ्या मोबाईलवर चार हजार रुपये जमा झाले. सोबत निरोप : 'सॉरी दाजी. खंबाटकी घाटात जरा रेटली होती गाडी.'

गुन्हा कबूल! मी तो निरोप सौ.ला दोनदा वाचून दाखवला.

पार्ट काही चार दिवसांत आला नाही. सहाव्या दिवशी चाकात हवा भरायला म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या जुन्या मिस्त्रींकडे थांबलो आणि सहज दिव्याचं बोललो.

"सेन्सर बोंबलतोय म्हणून सेन्सरच मेला असं कुठंय, साहेब?" ते म्हणाले. "गाडी काय सांगते? अमुक ठिकाणाहून खबर येत नाही. आता तार तुटल्यावर पोस्टमास्तर मेला म्हणायचं का? आधी वायर बघू."

त्यांनी बॉनेट उघडलं, वायरीवरून हात फिरवत नेला आणि एका कपलरपाशी थांबले. कपलर म्हणजे वायरींची दोन टोकं एकमेकांत अडकवणारी प्लास्टिकची डबी. त्यांनी ती अंगठ्यानं दाबली. खट्!

"खटका लागलाच नव्हता. नुसतं टेकवलेलं होतं. रस्त्यात हादरे बसून सरकलं. कुणी हात लावला होता का इथं?" असं म्हणत त्यांनी कपलरच्या खाचेतून चिमटीनं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं.

झेंडूची वाळलेली पाकळी होती.

खंडेनवमीला जुना टूथब्रश घेऊन दोन तास इंजिन घासणारा, 'पूजा करायची तर आतूनही स्वच्छ पाहिजे' असं सौ.ला सुनावणारा, दिसेल ते प्लास्टिक सोडवून पुसणारा आणि आत झेंडूची माळ घालणारा माणूस कोण, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. मला होतं.

आता प्रश्न चार हजारांचा. परत तर करायचेच, पण काय सांगून? एक सोपी वाट सुचली : 'गॅरेजवाल्यानं वॉरंटीत करून दिलं.' किती निरुपद्रवी! कोणाचं काय बिघडतं? कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ साली लिहून ठेवलंय, की दारात आलेल्या खुन्याशीही खोटं बोलू नये. पण तो जर्मन. त्याला मेहुण्यांची काय माहिती? मग आपला धर्मराज आठवला. अश्वत्थामा मेल्याचं मोठ्यानं सांगून 'हत्ती' हा शब्द तेवढा त्यानं हळू उच्चारला, आणि जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आमची गाडी आधीच प्रत्येक स्पीडब्रेकरला घासते. ती आणखी चार बोटं खाली जाणं परवडणारं नव्हतं.

थट्टा सोडा. पण त्या सोप्या वाटेतली खोच मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळली. वॉरंटीची थाप मारून मी त्याचे पैसे परत केले असते. गुन्हा मात्र त्याच्याकडेच ठेवून घेतला असता. 'दाजींची गाडी आपण बिघडवली' हे ओझं जन्मभर त्यानं वाहायचं, आणि वर माझ्या मोठ्या मनाचे आभार मानायचे!

सकाळी फोन करून पाकळीसकट सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दाजी, गेले सहा दिवस रोज हिला म्हणत होतो, घाटात रेटायला नको होती. झोप नव्हती हो."

एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

दिवा मात्र लगेच गेला नाही. मिस्त्रींनी तो मुद्दामच मिटवला नव्हता. "मिटवून पाठवला तर तुम्हाला खात्री कशी पटणार? चालवा, आपोआप जाईल." तसा तो गेलाही. या यंत्रणेचा नियमच आहे : लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा विझतो, आणि इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम झालं की तो आकडा तिच्या स्मरणातूनही पुसला जातो. म्हणजे गाडी तीन फेऱ्यांत माफ करते आणि चाळिसात विसरते.

मेहुण्यानं दिवाळीला पुन्हा गाडी मागितली, तेव्हा माझी पहिली फेरी झाली असं मी धरतो. चाळिसाचं सांगवत नाही. सौ.नं तो टूथब्रश टाकून दिलेला नाही. माझ्या आरशासमोरच्या पेल्यात उभा करून ठेवलाय.